दवाखान्यात पाहिलेले तास आणि त्यांची नोंद

दंतवैद्यकाच्या प्रवेशासंबंधी आपल्या मंडळाच्या सभासदांकडून अलीकडे तीन तऱ्हेचे प्रश्न कानी येतात. ज्यांची मुले इथेच बारावीला आहेत ते विचारतात की, नीटमध्ये गुण थोडे कमी पडले, एम.बी.बी.एस. हुकले, तर बी.डी.एस. घ्यावे की नाही? ज्यांचे भाऊ-बहीण अमेरिकेत स्थायिक झाले आहेत ते विचारतात की, तिकडच्या भाचीला डेंटल कॉलेजच्या अर्जात ‘शॅडोइंग’चे तास दाखवावे लागतात म्हणे, तर ती सुट्टीत इकडे आली असता इथल्या डॉक्टरांकडे ते तास भरता येतील काय? आणि ज्यांची मुलगी बी.डी.एस. होऊन परदेशी जाण्याची तयारी करीत आहे, ते विचारतात की अनुभवाचा पुरावा म्हणून नेमके काय जोडावे?

आम्ही दंतवैद्य नाही. कला शाखेचे पदवीधर, आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. तेव्हा दाताच्या शास्त्रातले आम्हांस फारसे कळते असा दावा नाही. परंतु नोंद कशी ठेवावी आणि कोणती नोंद पुढे उपयोगी पडते हा आमचा रोजचाच धंदा आहे, आणि वरील तिन्ही प्रश्नांची उत्तरे शेवटी नोंदीपाशीच येऊन थांबतात. म्हणून हा लेख.

प्रथम ‘शॅडोइंग’ म्हणजे काय ते पाहू. शॅडो म्हणजे सावली. डॉक्टर आपले काम करीत असतात, विद्यार्थी त्यांच्या सावलीसारखा बाजूला उभा राहून पाहतो, एवढाच त्याचा अर्थ. विद्यार्थ्याने रुग्णाला हात लावायचा नाही, औषध सांगायचे नाही, हत्यार उचलून द्यायचे नाही. डोळे आणि कान उघडे ठेवायचे. आपल्याकडे सुताराच्या, सोनाराच्या किंवा वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करण्याची जी जुनी पद्धत आहे, तिची ही पहिली पायरी म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेतही दंतवैद्यक पूर्वी असेच उमेदवारीने शिकले जाई. दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय १८४० साली बाल्टिमोर येथे निघाले, आणि त्यानंतर हे शिक्षण हळूहळू वर्गात आले. आपल्या देशात हे काम डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी केले. ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात शिकून परत आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात दंत महाविद्यालय सुरू केले. त्यांचा जन्मदिवस २४ डिसेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

आता दोन देशांच्या पद्धतींतील फरक. आपल्या विद्यार्थ्याने हा फरक नीट ध्यानात घ्यावा, कारण इंटरनेटवर वाचलेली अमेरिकेची माहिती इथल्या प्रवेशाला लावल्याने पुष्कळ घोटाळा होतो. महाराष्ट्रात बी.डी.एस.चा प्रवेश नीट या परीक्षेच्या गुणांवर होतो. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून १८० प्रश्न, ७२० गुण. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि राज्याच्या जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत पसंतीक्रम घेऊन भरल्या जातात. इथे मुलाखत नाही, निबंध नाही, आणि तुम्ही किती तास दवाखान्यात उभे राहिलात हे कोणी विचारीत नाही. शंभर तासांचे प्रमाणपत्र जोडले तरी त्याने एक गुणही वाढत नाही. तेव्हा “शॅडोइंगचे प्रमाणपत्र मिळवून देतो, प्रवेशाला उपयोगी पडेल” असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

अमेरिकेत रीत वेगळी. तिथे बारावीनंतर सहसा थेट दंत महाविद्यालयात जात नाहीत. आधी महाविद्यालयीन पदवी घेतात, मग डॅट नावाची प्रवेश परीक्षा देतात आणि ‘आडसास’ या मध्यवर्ती अर्जाद्वारे एकाच वेळी अनेक दंत महाविद्यालयांकडे अर्ज करतात. (टेक्सास राज्यातील महाविद्यालयांसाठी त्या राज्याचा निराळा अर्ज आहे.) या अर्जात गुण असतात, शिक्षकांची शिफारसपत्रे असतात, स्वतःविषयीचा निबंध असतो, आणि अनुभवांचा एक स्वतंत्र भाग असतो. त्या भागात दंतवैद्याकडे पाहिलेल्या कामाचे तास लिहावयाचे असतात. किती तास हवेत याचा सर्वांना लागू असा एकच नियम नाही. प्रत्येक महाविद्यालय आपापली अपेक्षा सांगते. पन्नास, शंभर असे आकडे नेहमी ऐकू येतात, आणि त्यांतील बराच भाग विशेषज्ञाकडे न जाता सर्वसाधारण दंतवैद्याकडे घालवलेला असावा असेही पुष्कळ ठिकाणी सांगतात. असे का मागतात? कारण हे शिक्षण तिथे अत्यंत खर्चाचे आहे, चार वर्षांचे आहे, आणि अर्जदाराला या व्यवसायातले रोजचे काम प्रत्यक्ष ठाऊक आहे किंवा नाही हे प्रवेश समितीला पाहायचे असते.

इंग्लंडमध्ये मुले शाळा संपताच पाच वर्षांच्या दंतवैद्यकास जातात. अर्जाची अखेरची तारीख १५ ऑक्टोबर असते. तिथे तासांच्या बेरजेपेक्षा मुलाखतीत “तू काय पाहिलेस, त्यातून काय समजलीस” हे विचारण्यावर भर असतो. म्हणजे तिकडेही वही लागतेच, फक्त शेवटचा रकाना अधिक महत्त्वाचा ठरतो. त्याविषयी पुढे येईल.

मग इथल्या विद्यार्थ्याने हे सारे का करावे, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, प्रवेशासाठी नव्हे, पसंतीक्रम भरण्यासाठी करावे. आम्ही दरवर्षी पाहतो, पालक आणि मुलगा संगणकापुढे बसून एम.बी.बी.एस.ची सारी महाविद्यालये ओळीने लिहितात आणि त्याखाली “असू द्या” म्हणून बी.डी.एस. टाकतात. त्या मुलाने दंतवैद्याचा दवाखाना स्वतःची दाढ दुखली तेव्हाच काय तो पाहिलेला असतो, तोही खुर्चीत आडवे पडून, डोळे मिटून. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता, असा पाच वर्षांचा करार तो मुलगा न वाचता सही करून मोकळा होतो. कर्जाच्या कागदावर अशी सही करू नका म्हणून आम्ही खातेदारांना रोज सांगतो. सुट्टीत वीस-पंचवीस तास कोणा दंतवैद्याच्या बाजूला उभे राहिले असते, तर हे काम हाताच्या कौशल्याचे आहे, दिवसभर मान वाकवून बसण्याचे आहे, आणि घाबरलेल्या माणसाशी गोड बोलण्याचे आहे, हे त्याला कळले असते. कोणाला ते आवडते, कोणाला नाही. आवडले तर तो बी.डी.एस. उगीच खाली न टाकता वर लिहील. नाही आवडले तर लिहिणारच नाही. दोन्ही निर्णय चांगलेच.

आता मूळ विषय, नोंद. अमेरिकेच्या अर्जात प्रत्येक अनुभवासाठी साधारणतः हे विचारतात: दवाखान्याचे नाव व पत्ता, ज्यांच्या देखरेखीखाली पाहिले त्यांचे नाव, हुद्दा व संपर्क, सुरुवातीची व शेवटची तारीख, आठवड्याला सरासरी किती तास, एकूण किती आठवडे, आणि थोड्या ओळींत काय केले त्याचे वर्णन. दिलेल्या संपर्कावर चौकशी होऊ शकते. अर्ज एकदा दाखल झाला की आधी लिहिलेल्या अनुभवात फेरफार करता येत नाही, नवा जोडता येतो. यात ‘आठवड्याला सरासरी’ हा रकाना मोठा फसवा आहे. एक उदाहरण घेऊ.

समजा एका मुलीने जून ते ऑगस्ट असे बारा आठवडे, दर मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी ५ ते ८ दवाखान्यात जायचे ठरवले. वर्षभराने अर्ज भरताना ती आठवून हिशेब करते: दिवसाला ३ तास, आठवड्याला ६, बारा आठवडे, म्हणून ७२ तास. हिशेब बरोबर, पण खरा नाही. कारण एक आठवडा डॉक्टर गावी गेले होते, दोन दिवस गेले. एके दिवशी पावसाने वीज गेली व दवाखाना उघडलाच नाही. चाचणी परीक्षेमुळे तिनेच दोन दिवस दांडी मारली. म्हणजे २४ पैकी १९ दिवस, ५७ तास. आणि त्यातल्या एका दिवशी बस न मिळाल्याने ती सव्वासहाला पोचली. खरा आकडा ५५ तास ४५ मिनिटे. बारा आठवड्यांनी भागले तर सरासरी साडेचार तासांहून थोडी अधिक येते, सहा नव्हे. या मुलीने खोटे बोलायचे ठरवले नव्हते. तिच्याजवळ रोजची नोंद नव्हती एवढेच. परंतु डॉक्टरांना फोन गेला आणि ते म्हणाले की “ऑगस्टमध्ये मी आठवडाभर नव्हतो”, तर सोळा तासांच्या फरकापायी तिच्या साऱ्या अर्जाकडे संशयाने पाहिले जाईल.

यावर उपाय एकच, आणि तो दोनशे पानी वहीच्या किमतीत होतो. वहीला पानांचे क्रमांक आधी घालून घ्यावेत, म्हणजे मधले पान फाडले गेले नाही हे दिसते. दर भेटीची नोंद त्याच दिवशी, शक्य तर दवाखान्याबाहेर पडण्यापूर्वी करावी. तारीख, वार, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिनिटांसह तास, आणि आजपर्यंतची चालती बेरीज. पासबुकात जशी प्रत्येक व्यवहारापुढे शिल्लक येते, तशीच. चालती बेरीज असली की कोणती ओळ मागाहून घुसडता येत नाही, कारण पुढचे सारे आकडे चुकतात. पुढे डॉक्टरांची आद्याक्षरी सही. रोज सही मागायला संकोच वाटत असेल तर आठवड्याच्या शेवटी घ्यावी, मात्र महिना उलटू देऊ नये. चूक झाली तर खाडाखोड न करता एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी आणि तिच्यावर सही घ्यावी. पांढरी शाई वापरू नये.

शेवटचा रकाना ‘काय पाहिले’ याचा. मुले इथे “रूट कॅनल पाहिले, दाढ काढताना पाहिली” एवढेच लिहून मोकळी होतात. सहा महिन्यांनी त्यांनाच त्यावरून काही आठवत नाही. नमुन्यादाखल एक नोंद देतो:

“मंगळवार. संध्याकाळी ५.१० ते ८.००. २ तास ५० मिनिटे. रुग्ण चार. पन्नाशीचे गृहस्थ, गुटख्याची सवय. नेहमी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी जातात, यांच्या तोंडात दोनही जात नाहीत. तिखट लागले की आग होते. डॉक्टरांनी गालाची आतली बाजू दाखवली, पांढुरकी व कडक. ते दात दाखवायला आले होते, डॉक्टर अर्धा वेळ गुटख्यावरच बोलले. नंतर सहा वर्षांची मुलगी, कीड लागलेली दुधाची दाढ. आधी आरसा तिच्या हातात दिला, मग खुर्ची वर-खाली करून दाखवली, तोवर हत्यार बाहेर काढले नाही. शेवटी हत्यारे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली, १२१ अंश, पंधरा मिनिटे.”

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी मराठवाड्यातल्या दंतवैद्याच्या दवाखान्यात असा रुग्ण दिसणार नाही असा आठवडा क्वचितच जात असेल. अशी नोंद असलेली मुलगी उद्या मुलाखतीला बसली तर तिला पाठांतर लागणार नाही. अर्जातला निबंधही अशाच पानांतून निघतो. “मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे” हे वाक्य प्रवेश समितीने हजारदा वाचलेले असते, पण त्या सहा वर्षांच्या मुलीच्या हातातला आरसा तिने पूर्वी वाचलेला नसतो.

वहीत रुग्णाचे नाव, गाव, मोबाइल, केसपेपर क्रमांक यांपैकी काहीही लिहू नये, छायाचित्र तर मुळीच घेऊ नये. वय आणि तक्रार पुरे. अमेरिकेत रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेसंबंधी १९९६ चा ‘हिपा’ कायदा आहे आणि तो फार कडक समजला जातो. ज्या अर्जात रुग्णाचे नाव आले तो अर्ज लिहिणाऱ्यालाच भोवतो. कायदा बाजूस ठेवला तरी, आपल्या तोंडाला वास येतो हे दुसऱ्या कोणाच्या वहीत नावानिशी लिहिले जावे असे आपल्यापैकी कोणाला आवडेल?

त्याच दिवशीच्या नोंदीवर आम्ही एवढा भर का देतो, हे आपल्या वाचकांना निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. जात पडताळणी समितीपुढे जो उभा राहिला आहे त्याला १० ऑगस्ट १९५० ही तारीख पाठ असते. त्या तारखेपूर्वीचा, आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीतला एक ओळीचा उतारा मिळाला की काम सोपे होते. तो नसेल तर आज केलेली प्रतिज्ञापत्रे आणि नातेवाइकांची निवेदने कितीही जोडली तरी हेलपाटे चुकत नाहीत. असे का? शाळेच्या त्या गुरुजींना पुढे आरक्षण येईल, २००१ साली पडताळणीचा कायदा लागू होईल, याची कल्पनाही नव्हती. त्यांनी पोराचे नाव त्या दिवशी वहीत घातले, इतकेच. ज्या वेळी नोंदीचा काही फायदा नव्हता त्या वेळी केलेली म्हणून ती खरी मानतात. आणि ज्या आजोबांना शाळेतच घेतले नाही त्यांच्या नातवंडांची आज कशी दमछाक होते हेही आपण पाहतो. इथल्या प्रवेशाच्या फायलीत वैधता प्रमाणपत्र लागते ते लागतेच, त्याची तयारी अकरावीतच सुरू करावी. आमचा मुद्दा एवढाच की, आपल्या मुलांची नवी कागदपत्रे तरी वेळच्या वेळी तयार व्हावीत.

तास मिळवायचे कोठे, हा खरा अडचणीचा प्रश्न. ज्यांच्या घरात मामा-काका डॉक्टर आहेत त्यांना हा प्रश्न पडत नाही. आपल्या बहुतेक घरांत तसे कोणी नसते आणि अनोळखी डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरून विचारायचे म्हणजे मुलांना दडपण येते. आमचा सल्ला असा की, तोंडी न विचारता छोटासा लेखी अर्ज न्यावा. आपण कोण, कोणत्या इयत्तेत, कोणत्या वारी किती वेळ येऊ इच्छितो, केवळ पाहणार, कशालाही हात लावणार नाही, आणि आपण सांगाल तेव्हा बाहेर थांबू, इतके लिहिले तरी पुरे. वेळ गर्दीची निवडू नये. चार ठिकाणी नकार मिळेल, पाचव्या ठिकाणी हो म्हणतील. क्रांती चौक, निराला बाजार, उस्मानपुरा, सिडको असे कुठेही चालत गेले तरी दंतवैद्याची पाटी दिसतेच.

आपल्या शहरात घाटी परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, ते १९८२ पासून. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही राज्यातील शासकीय दंत महाविद्यालयांची जुनी ठिकाणे होत. तिथे दाढ काढणे, रूट कॅनल, कवळी, तारा बसवणे, लहान मुलांचे दात, हिरड्यांचे आजार असे विभाग वेगवेगळे असल्याने एकाच इमारतीत या विषयाचा सारा पसारा दिसतो. बाहेरच्या विद्यार्थ्याने तिथे पाहण्यासाठी यावयाचे तर अधिष्ठात्यांच्या नावे लेखी अर्ज करावा लागेल, आणि परवानगी देणे न देणे त्यांच्या अधिकारात आहे. परवानगीचे पत्र मिळाले तर त्याची मूळ प्रत जपून ठेवावी. तेही एक दस्तऐवजच. परवानगी न मिळाली तरी केसपेपर काढण्याच्या रांगेत सकाळी तासभर बसून पाहावे. तो वेळ अर्जात लिहिता येणार नाही, पण जालना-बीडकडून पहाटेच्या एस.टी.ने आलेले लोक दात दुखून किती दिवसांनी दवाखाना गाठतात, हे तिथे कळते.

जाण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची लस घ्यावी. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा असतात, म्हणून हे काम आधीपासून करायचे आहे. लसीचे कार्डही फायलीत लावावे. पायात बंद बूट, केस बांधलेले, मोबाइल बंद. रुग्णाला डॉक्टरांनीच विचारावे की, ही मुलगी शिकायला आली आहे, बसू द्यायची का? रुग्ण नाही म्हणाला तर निमूट बाहेर जावे, आणि तो वेळ तासांत धरू नये.

सुट्टीत अमेरिकेतून आलेल्या भाचीला इथले तास चालतील का, या प्रश्नाचे उत्तर ‘चालतील, पण त्यावर भिस्त ठेवू नये’ असे आहे. काही महाविद्यालयांना तिकडच्याच दंतवैद्याकडे पाहिलेले काम हवे असते, कारण त्यांच्याकडची पद्धत अर्जदाराने पाहिलेली असावी असा त्यांचा आग्रह असतो. म्हणून ज्या महाविद्यालयांत अर्ज करायचा त्यांचे नियम आधी वाचावेत, बहुतेक तास तिथेच भरावेत, आणि इथले तास स्वतंत्र नोंदीखाली, भारतातले म्हणून स्पष्ट लिहावेत. दोन्हींची बेरीज एकत्र करू नये. तिकडे अर्ज साधारण मे महिन्यात खुले होतात, जूनपासून दाखल करता येतात आणि वर्ग बसतो तो पुढल्या वर्षी. म्हणजे यंदाची सुट्टी उपयोगी पडायची तर आतापासूनच वही हवी.

बी.डी.एस. झालेल्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेत दंतवैद्य म्हणून काम करायचे तर बहुतेकांना तिथल्या महाविद्यालयात दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून तिथली पदवी घ्यावी लागते. त्यासाठी ‘कॅपिड’ नावाचा वेगळा मध्यवर्ती अर्ज आहे आणि ‘आय.एन.बी.डी.ई.’ ही ५०० प्रश्नांची, दोन दिवस चालणारी परीक्षा आहे. या अर्जातही अनुभव तारखांसह लिहायचा असतो. आणि इथेच आपल्या मुलामुलींचे फार नुकसान होते. आंतरवासिता संपली की मुलगी कोणा मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ कामाला लागते. नेमणूकपत्र नाही, पगार रोखीने, हजेरीपट नाही. दोन वर्षे राबते. पुढे दवाखाना बंद होतो किंवा डॉक्टर दुसऱ्या शहरी जातात, आणि दोन वर्षांच्या कामाचा एकही कागद तिच्या हाती उरत नाही. आमच्या काउंटरवर शैक्षणिक कर्जासाठी आलेल्या अशा मुली आम्ही पाहिल्या आहेत. काम केलेले त्यांच्या हातांवरून दिसते, कागदावरून दिसत नाही. म्हणून पगार थोडा असला तरी बँक खात्यात मागावा. खात्याचा उतारा हा तारखेनिशी पुरावा होतो आणि तो वीस वर्षांनीही खोटा पडत नाही. आंतरवासितेत कोणत्या विभागात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले त्या पानांच्या प्रती, विभागप्रमुखांच्या सहीनिशी, महाविद्यालय सोडण्यापूर्वीच काढून ठेवाव्यात. मागाहून प्रमुख बदलतात.

पुष्कळ बी.डी.एस. विद्यार्थी परदेशात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेण्यास जातात. तिथेही असेच पुरावे लागतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहे. वर सांगितलेली अमेरिकेची दंतवैद्यकाची पदवी त्यात बसते किंवा नाही हे त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचून आणि समाजकल्याण कार्यालयात विचारूनच ठरवावे, ऐकीव माहितीवर घर गहाण टाकू नये.

खोट्या तासांविषयी थोडे. ओळखीचे डॉक्टर असतील तर दोनशे तासांचे पत्र पाच मिनिटांत मिळते, हे आम्हांस ठाऊक आहे. ज्यांचे मामा डॉक्टर आहेत त्यांना ते सोपे, आपल्याला अवघड, म्हणून मनात चीडही येते. तरी त्या वाटेला जाऊ नये. मुलाखतीत “दोनशे तासांत तुला सर्वात कंटाळवाणे काय वाटले?” असा साधा प्रश्न आला की खोटे उघडे पडते. ज्याने खरोखर चाळीस तास काढले त्याला उत्तर लगेच सुचते: कवळीचे माप घेतल्यानंतर ते घट्ट होईपर्यंत थांबणे.

पत्र कसे असावे याचा नमुना खाली देतो. हा मजकूर इंग्रजीत करून डॉक्टरांच्या छापील पत्रकागदावर, त्यांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का व तारखेसह घ्यावा, आणि वहीच्या पानांच्या प्रती त्याला जोडाव्यात. पत्र शेवटच्या भेटीनंतर आठवडाभरातच मागावे.

“प्रमाणित करण्यात येते की, कु. ––– या दिनांक ––– ते ––– या कालावधीत माझ्या दवाखान्यात दंतोपचारांचे निरीक्षण करण्यासाठी एकूण ––– दिवस उपस्थित होत्या. सोबतच्या नोंदवहीतील पान क्रमांक ––– ते ––– प्रमाणे त्यांची उपस्थिती एकूण ––– तास ––– मिनिटे आहे. त्यांनी कोणत्याही रुग्णावर उपचार केलेले नाहीत किंवा उपचारात साहाय्य केलेले नाही. या निरीक्षणासाठी त्यांजकडून कोणतेही शुल्क घेतलेले नाही. त्या माझ्या नात्यातील आहेत / नाहीत.”

शेवटच्या ओळीतील नको तो शब्द डॉक्टरांनी स्वतः खोडावा व त्यापुढे सही करावी. आपल्या सभासदांपैकी जे दंतवैद्य आहेत त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दोन विद्यार्थ्यांना उभे राहू देण्याची तयारी असल्यास, वार आणि वेळ मंडळाच्या चिटणीसांकडे लिहून द्यावी. पत्राच्या छापील प्रती कार्यालयात ठेवण्याची व्यवस्था आम्ही करू.